धोतराला इस्त्री केल्याची तक्रार

"मॅनेजर, पाणी गार हाय!"

हे वाक्य मी जेवढ्या वेळा ऐकलं तेवढ्या वेळा माझ्या बायकोची हाकसुद्धा ऐकली नसेल. केजच्या एसटी स्टँडाजवळच्या एका लॉजच्या काउंटरमागं माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून काउंटर सोडलं, पण कान अजून तिथंच आहेत. परवा घरात नातू म्हणाला, "आबा, पाणी गार हाय," तर मी झटकन उठून उभा राहिलो आणि "सॉरी सर" म्हणालो. सगळं घर हसलं. बायको म्हणाली, "आमी बोललो तर कधी उठले न्हाईत!"

ह्या अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं, की बाबा, लॉजवाल्याकडं सांगण्यासारखं जे असतं ते छापता येत नाही आणि छापण्यासारखं जे असतं ते कुणी वाचत नाही. ते हसून म्हणाले, "तक्रारींवर लिहा." आता तक्रारींवर म्हणाल तर माझ्याकडं एवढा माल आहे की अंक पुरायचा नाही. म्हणून थोडंच सांगतो.

लॉज म्हटलं की लोकांच्या डोक्यात नको ते येतं. तालुक्याच्या गावच्या लॉजवर कोण उतरतं हे एकदा येऊन बघा म्हणावं. बियाणं-खताच्या कंपनीचे सेल्समन, औषधांची बॅग घेऊन फिरणारे, तहसीलचं काम एका दिवसात होईल असं समजून आलेले भाबडे लोक, कोर्टाच्या तारखेचे, परीक्षेला आलेली पोरं आणि लग्नसराईत वऱ्हाड. ह्या सगळ्यांना एकच गोष्ट पाहिजे असते, ती म्हणजे घरच्यासारखी झोप. आणि तीच नेमकी आमच्याकडं भाड्यानं मिळत नाही. मग माणूस काय करतो? तक्रार करतो.

गरम पाण्याचं घ्या. आमच्या गच्चीवर सोलर होतं. सोलरचं पाणी दुपारी बारा वाजता असं कडक येतं, की कोंबडी सोलावी. पण दुपारी आंघोळ कोण करतं? सकाळी सगळे एकदम नळ सोडतात आणि शेवटच्या खोलीला राहतं ते ओढ्याचं पाणी. हे मी रोज नव्या माणसाला नव्यानं समजावून सांगायचो. त्यातून आमच्या धंद्यातली एक गोष्ट शिकलो. तक्रार काउंटरवर असते तेव्हा हत्तीएवढी असते, माणसाबरोबर त्याच्या खोलीत जाऊन बघितली की बकरीएवढी होते. म्हणून मी खुर्चीत बसून कधी तक्रार ऐकली नाही. उठायचं, पायात चप्पल घालायची, "चला, बघू" म्हणायचं. निम्मा राग जिन्यातच उतरतो. लॉजला लिफ्ट नव्हती हा त्यातला मोठा फायदा.

पंख्याची तक्रार करणारे बहुतेक कोर्टाच्या तारखेचे असायचे. एक गृहस्थ आले, म्हणाले पंखा खडखड वाजतोय, झोप येत नाही. खोली बदलून दिली. तिथलाही वाजतोय म्हणाले. तिसऱ्या खोलीत नेलं, तर तिथं पंखाच बंद होता, तरी त्यांना खडखड ऐकू येत होती. मग मी खाली नेऊन चहा पाजला. भावाभावांचा बांधाचा दावा होता आणि सकाळी सख्ख्या भावाविरुद्ध उभं राहायचं होतं. असल्या पंख्याला तेल कुठं घालणार?

आणि एक चौसाळ्याचे दुकानदार. हायवेवर चांगलं चालतं दुकान, पण बायकोशी भांडून आमच्याकडं येऊन राहिले. हा माणूस एकही तक्रार करेना. चहा पातळ झाला तरी "वा!" म्हणायचा. मला धास्ती वाटायला लागली, कारण तक्रार न करणारं गिऱ्हाईक म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं. मग एक दिवस त्यांच्या मालकीणबाईच शेअरिंग जीपनं येऊन काउंटरवर थडकल्या. "मॅनेजर कोण हाय?" मी उभा राहिलो. "तुमी कावून त्यांना एवढं चांगलं ठिवलंय? सकाळी चहा, दुपारी गरम भाकर, वर टीव्ही! असं ठिवल्यावर माणूस घरी येईल का? खाट मोडकी द्या, डास सोडा, काहीतरी करा की!" उभ्या जन्मात अशी तक्रार ऐकली नव्हती. मी त्यांना खोलीत नेलं. अर्ध्या तासानं नवरा-बायको दोघं गालातल्या गालात हसत खाली आले आणि जाताना बाई म्हणाल्या, "चहा मात्र लई पातळ हाय तुमचा."

आता तसं भांडण राहिलं नाही. हल्लीचं गिऱ्हाईक काउंटरवर हसून निरोप घेतं आणि बसमध्ये बसल्यावर मोबाईलवर तारे देतं, पाचातला एक. खाली लिहितं, "उशी बेकार." अरे बाबा, रात्रीच खाली येऊन बोलला असतास तर दुसरी उशी दिली असती की! नांदूरघाटाच्या पुढं गेल्यावर सांगून मी काय उशी फेकून मारू? मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. तोंडावर तक्रार करणारा माणूस आपल्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवून असतो. तारेवाल्याला आपण सुधारलो काय नि बिघडलो काय, त्याचं काही अडत नाही.

असो. ज्या तक्रारीसाठी हे लिहायला घेतलं ती आता सांगतो. ही अगदी अलीकडची, मी काउंटर सोडायच्या आधीच्या लग्नसराईतली.

केजमध्ये वैजनाथशेठ म्हणून किराणा-भुसाराचे व्यापारी आहेत. गरीब स्वभावाचा माणूस. तराजूत माल टाकतानासुद्धा गिऱ्हाइकाची माफी मागितल्यासारखा टाकतो. त्यांच्या धाकट्या लेकीचं, भाग्यश्रीचं लग्न ठरलं. नवरदेव उदगीरकडचे. दोन्ही घरं लिंगायत वाण्यांची, देवधर्माची. लग्न समोरच्या मंगल कार्यालयात आणि वऱ्हाड आमच्या लॉजवर. शेठनं चार दिवस आधीपासून येऊन मला बेजार केलं होतं. "मॅनेजर, चादरी नव्या टाका. पाणी कडक ठेवा. पोरीच्या सासरचे हायत, एक शब्द बी यायला नको."

माणसं आदल्या संध्याकाळी आली. सगळी बरी होती. एक नवरदेवाचे काका तेवढे अवघड होते. त्यांनी आल्या आल्या भिंतीवरून बोट फिरवून धूळ बघितली. आणि सगळ्यांत वडीलधारे नवरदेवाचे आजोबा, गुरुलिंगआप्पा. ऐंशीच्या घरातले, उंच, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. सगळं वऱ्हाड त्यांच्या शब्दात. आप्पा रोज सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करणार आणि मगच तोंडात पाणी घेणार. आणि त्या घरचा रिवाज असा, की आप्पांच्या पोटात घास गेल्याशिवाय घरातलं कुणीही जेवणार नाही. पूजेला नेसायचं धोतर त्यांनी स्वतः धुऊन, स्वतः वाळत घातलेलं पाहिजे. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. ह्या सोवळ्याला त्यांच्यात मडी म्हणतात.

आता आमची कांताबाई. खोल्या झाडणं, चादरी बदलणं हे तिचं काम, आणि असं झटक्यानं करायची की माणूस खाटेवर बसलेला असला तर त्याच्यासकट चादर घडी होईल. लग्नाच्या सकाळी ती गच्चीवर गेली. बघते तर तारेवर एक पांढरंशुभ्र धोतर, अजून ओलसर, आणि आभाळ हे असं भरून आलेलं. तिला वाटलं, नवरदेवाच्या आजोबांचं धोतर दिसतंय, मांडवात सुरकुतलेलं नेसून जातील बिचारे. तिनं ते काढलं, इस्त्री फिरवून कडक वाळवलं, सुरेख घडी घातली आणि आप्पा आंघोळीला गेलेले असताना त्यांच्या खाटेवर ठेवून दिलं. वर झेंडूचं फूल! मग बक्षिशीची वाट बघत जिन्यात उभी राहिली.

बक्षिशीच्या जागी काकाच खाली आले. दाणदाण पाय आपटत.

"मॅनेजर! हे लॉज हाय का धर्मशाळा? आमच्या आप्पांची मडी मोडली तुमच्या बाईनं! आप्पा पूजेला बसंनात!"

मी उठलो, चप्पल घातली, पण काका मला पुढं जाऊ देईनात. तेवढ्यात कुणीतरी फोन लावला आणि समोरच्या कार्यालयातून वैजनाथशेठ धावत आले. अंगात नवा सदरा, त्याला अजून दुकानाची चिठ्ठी लटकलेली. कांताबाई कोपऱ्यात रडत होती. "मी चांगलंच करायला गेलते हो," एवढंच म्हणत होती. खालच्या हॉलमध्ये वऱ्हाडाच्या नाश्त्याला आणलेली सुशीला परातीत तशीच गार होत होती. मुरमुऱ्याची सुशीला गार झाली की तिचं चामडं होतं. पण आप्पांनी खाल्लं नाही म्हणून कुणी हात लावीना. लेकरं तेवढी परातीकडं बघत होती.

काकांनी शेठना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या काउंटरजवळच, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, आप्पा रुसलेत. आता ते मांडवात येतील का न्हाई, सांगता येत न्हाई. आप्पा न्हाई तर आमच्यातलं कुणीच न्हाई."

शेठचा चेहरा पिठासारखा झाला. "मग काय करायचं हो? तुमीच सांगा."

"आता मी काय सांगू? मोठ्या माणसाचा अपमान झालाय. काहीतरी मान केला तर..." असं म्हणून काकांनी शेठच्या बोटातल्या अंगठीकडं बघितलं आणि मग छताकडं बघितलं.

आमच्याकडं लग्नात वरपक्षाची कुठलीच तक्रार नुसती तक्रार नसते. चहा गार झाला म्हटलं तरी मुलीचा बाप खिसा चाचपतो.  शेठ अंगठी ओढायला लागले. पण ती त्यांच्या लग्नातली, बोट तेव्हाचं नि आताचं वेगळं. ती निघेना. ओढून ओढून बोट लाल झालं.

"मॅनेजर," ते म्हणाले, "जरा साबण द्या."

 माझ्याही दोन लेकी आहेत. लॉजचे ते छोटे साबण माझ्या ड्रॉवरमध्ये ढिगानं पडलेले होते. मी म्हणालो, "वरून आणतो. जरा बसा," आणि जिना चढलो. काका मागून ओरडले, "आप्पांना त्रास देऊ नका!" मी ऐकलंच नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत न ऐकणंही शिकलो होतो.

वर आप्पा खाटेवर बसले होते. अंगाला पंचा, बाजूला ते कडक इस्त्रीचं धोतर आणि झेंडू. रागावलेले अजिबात दिसत नव्हते. कंटाळलेले दिसत होते.

मी हात जोडले. "आप्पा, चूक आमची झाली. तुमाला नेमकं काय पाहिजे ते सांगा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सकाळपासून हे विचारणारा मी पहिलाच. म्हणाले, "धुतलेलं धोतर."

"आणि?"

"आणि काय? धोतर नेसतो, पूजा करतो, खाली येतो. भूक लागलीय मला."

"तुमी रुसलात असं खाली..."

"कोण रुसलंय? मी काय नवरी हाय का रुसायला?" आप्पा उखडले. "तासभर झाला मी सगळ्यांना सांगायलोय, दुसरं धोतर बघा. हे म्हणतात, आप्पा तुमी शांत बसा, आमी बघतो. अरे बे, काय बघता? धोतर बघा की!"

इतकी वर्षं मी माणसाच्या तक्रारीमागची तक्रार शोधत आलो. पंख्यामागं भाऊ निघायचा, उशीमागं कर्ज निघायचं. आणि हा भला माणूस जे बोलत होता तेवढंच त्याला म्हणायचं होतं! मला हसूच फुटलं. आप्पाही जरा सैल झाले.

पण धोतर आणायचं कुठून? दुकानातलं नवं कोरं चालणार नाही, त्याला दहा हात लागलेले आणि खळ असते. दुसरं धुतलं तर त्या ढगाळ हवेत वाळेपर्यंत अक्षदांची वेळ टळली असती. पंख्याखाली टाकावं म्हटलं तर त्याच घटकेला लाईट गेली. लग्नसराईत ती जातेच. ओलेत्यानं पूजा करतो म्हणाले, पण नुकताच त्यांच्या छातीत कफ झालेला, सूनबाई दारातूनच "न्हाई म्हणजे न्हाई" म्हणाल्या.

मी डोकं खाजवत उभा. आप्पांनी म्हाताऱ्या माणसांच्या सवयीनं विचारलं, "तुमी कुणीकडचे?"

"इथलेच. नांदूरघाटाकडचे. मेंढरं होती आमची."

"मेंढरं?" आप्पा ताठ बसले. "मग घरात घोंगडं असंल की!"

"हाय. पण वापरातलं हाय आप्पा."

"असू द्या. लोकरीला काय बी होत न्हाई. लोकर कुणी बी शिवली तरी ती मडीच. माझी आई धाबळीवरच पूजा करायची. आना!"

माझं घर लॉजच्या मागंच. बायकोला हाक मारली. ती घोंगडं घेऊन आली आणि जिन्यातच माझ्या कानात म्हणाली, "अहो, मेंढराचा वास मारतोय त्याला!" ते आप्पांनी ऐकलं. "मारू द्या," म्हणाले. "माझं नाक आता निम्मंच चालतंय."

पूजा झाली. आप्पा तसेच खाली आले. काळं घोंगडं कमरेला गुंडाळलेलं, कपाळाला ताजी विभूती, उंच देह. हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले. आप्पा थेट परातीकडं गेले, सुशीलेचा घास तोंडात टाकला आणि म्हणाले, "गार झालीय."

शेठ दचकले. हात परत अंगठीकडं गेला.

"गार झालीय म्हणजे गरम करून आना," आप्पा म्हणाले. "दुसरा काही अर्थ न्हाई त्याचा." मग काकांकडं वळून, "तू काय उभा हायस? लेकरं उपाशी हायत, वाढ त्यांना." काका मुकाट वाढायला लागले. शेठनं मला हळूच विचारलं, "साबण?" मी म्हणालो, "संपला."

आणि कांताबाईला आप्पांनी पुढं बोलावलं. ती दबकत आली. त्यांनी ते धोतर तिच्या हातात दिलं. "बाई, आता पूजा झाली. आता ह्याला कुणी बी हात लावा. परत एकदा फिरवा इस्त्री, मांडवात हेच नेसणार हाय." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लाईट आल्या आल्या अशी इस्त्री केली, की धोतराच्या काठानं भाजी चिरावी.

अक्षदा वेळेवर पडल्या. पंगती उठल्या. दिवस कलला तशी पाठवणीची गडबड सुरू झाली. फुलं लावलेली गाडी आमच्या लॉजच्या दारातच उभी होती, कारण वऱ्हाडाच्या बॅगा आमच्याकडं. शेठ रडत होते. त्यांना सकाळपासून रडायला वेळच मिळाला नव्हता, तो सगळा आता वसूल करत होते. भाग्यश्री खाली वाकून एकेकाच्या पाया पडत आप्पांपर्यंत आली. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"पोरी, आमचं घर बी माणसांचंच हाय. तिथं काय कमी पडलं, काय खटकलं, तर पोटात ठिवायचं न्हाई. दुसऱ्याच्या हाती निरोप धाडायचा न्हाई, लोक त्याचं भलतंच करतात. सरळ माझ्याकडं यायचं आन सांगायचं. कळलं?"

असं मोठी माणसं बोलतात. मुलगी मान हलवते, हुंदका देते आणि गाडीत बसते. भाग्यश्रीनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि विचारलं, "आप्पा, आत्ताच सांगितलं तर चालंल का?"

 तिच्या आईनं कपाळाला हात लावला. शेठचं रडणं अर्ध्यातच थांबलं.

आप्पा म्हणाले, "सांग की."

"सकाळधरनं पोटात काय न्हाई. पंगतीला बसले तर फोटोवाल्यानं उठवलं. परत कुणी बसूच दिलं न्हाई. लई भूक लागलीय."

काका घड्याळ बघत म्हणाले, "आता निघायला पाहिजे, वाटेत कुठंतरी..."

"गाडी बंद कर," आप्पा ड्रायव्हरला म्हणाले. "आन चावी इकडं दे."

त्यांनी चावी कनवटीला लावली आणि माझ्या काउंटरची खुर्ची मागवून गाडीच्या दाराशी बसले. शेठ स्वतः पळत जाऊन ताट घेऊन आले. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. गाडीचं दार उघडं, पाय बाहेर, मुंडावळ्या कानामागं खोचलेल्या, आणि नवरी जेवायला लागली. नवरदेव शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभा. सगळं वऱ्हाड, सगळं माहेर, रस्त्यावरचे लोकसुद्धा थांबून बघत होते. तिला कुणाची पर्वा नव्हती. आप्पा मधूनमधून म्हणत होते, "सावकाश खा. गाडी कुठं जात न्हाई."

तिसऱ्या पुरीला ती थांबली. बापाकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"आप्पा, भाजीत मीठ कमी हाय."

आप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी चप्पल घातली आणि मीठ आणायला गेलो.